पिवळ्या गळ्याची चिमणी

मावळातील सुदुंबरे हे गाव संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. तेथील एखाद्या मुलाला चिमणी ओळखता येते का, असे विचारले तर तो हसेल. परंतु भातकापणीनंतर खाचरांत दाणे टिपणारा थवा चिमण्यांचाच असतो असे नाही. विणीचा हंगाम सरला की सुगरण नराचा पिवळा रंग जातो आणि नर-मादी दोघेही चिमणीच्या मादीसारखे भुरे दिसू लागतात. चोच अधिक जाड आणि शेपूट अधिक आखूड, एवढाच काय तो फरक. अशा वेळी चांगल्या जाणत्याचीही फसगत होते. चिमणीसारख्याच दिसणाऱ्या एका पाखराने एका मुलाला असेच कोड्यात टाकले आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

त्या मुलाचे नाव सलीम अली. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र अगदी लहानपणीच हरपल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी त्याचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते. सलीमजवळही छऱ्याची बंदूक असे, आणि तिने तो चिमण्या टिपत असे. आज आपणांस हे रुचणार नाही. त्या घरात मात्र त्याचे कोणाला काही वाटत नसे.

एके दिवशी त्याने पाडलेली चिमणी हातात घेऊन पाहिली, तो तिच्या गळ्यावर हळद लागल्यासारखा पिवळा ठिपका! मामांनाही ते पाखरू ओळखता येईना. त्यांनी उगाच काहीतरी नाव सांगून वेळ मारून नेली नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्यांनी भाच्याला तिकडे धाडले. सलीम बिचकतच गेला. मिलार्ड यांनी पाहताक्षणीच ती रानचिमणी आहे, असे सांगितले. एवढ्यावर न थांबता त्यांनी कपाटांचे खण उघडून भुसा भरलेले नाना जातींचे पक्षी त्या मुलापुढे मांडले. एकच वाटणाऱ्या पाखरांत किती प्रकार असतात, हे त्याला तेथे प्रथम उमगले. पुढे पक्ष्यांची कातडी सोलून ती टिकवण्याची विद्याही तो तेथेच शिकला.

नंतरचा मार्ग सुगम नव्हता. काही वर्षे ब्रह्मदेशात व्यवसायात गेली. मुंबईच्या संग्रहालयात नोकरी लागली. १९२९ मध्ये बर्लिनला जाऊन त्यांनी स्ट्रेझमान या थोर पक्षिशास्त्रज्ञापाशी अध्ययन केले. परंतु परत येतात तो ती नोकरीच उरली नव्हती! तेव्हा ते अलिबागजवळ किहीम येथे जाऊन राहिले. जवळच सुगरणींची वसाहत होती. नर अर्धवट घरटे विणून थांबतो, मादी ते पारखते, पसंत पडले तरच ते पुरे होते आणि नर लगेच दुसऱ्या घरट्याच्या मागे लागतो, हे त्यांनी तासन्‌तास बसून टिपून ठेवले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. अनोळखी पाखरू चिमणीएवढे, बुलबुलाएवढे, साळुंकीएवढे की कावळ्याएवढे, हे आधी ठरवा, अशी त्यातील रीत. रंग उन्हात फसवतो. आकार सहसा फसवत नाही. पुढे रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

एक पक्षी मात्र त्यांना गवसला नाही. तो रानपिंगळा. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कोणाला मिळाला नव्हता. १९६८ मध्ये त्याचे म्हणून एक छायाचित्र पुढे आले. नीट पाहता तो आपला नेहमीचा पिंगळा निघाला. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, पंखांवर व शेपटीवर ठळक पट्टे आणि पोटाचा खालचा भाग शुभ्र असतो. मेनर्टझागेन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने तर संग्रहालयातून चोरलेल्या रानपिंगळ्याला १९१४ सालची, गुजरातेतील खोटी चिठ्ठी बांधून ठेवली होती. अशा नोंदीने शोध करणाऱ्यांची वाट चुकली. सलीम अली आणि रिप्ले यांचाही शोध विफल झाला.

२० जून १९८७ रोजी सलीम अली निवर्तले. ती खोटी नोंद अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी बाजूस सारली आणि जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग त्या काढत गेल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, आपल्याच महाराष्ट्रात, शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या उन्हात एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना व त्यांच्या सोबत्यांना दिसला. त्याच्या डोक्यावर ठिपके नव्हते.