पडद्याआडच्या कारभाराचा शिल्पकार : गॅरी किल्डॉल

मळवली स्थानकावर उतरून कार्ल्याची वा भाज्याची लेणी पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाचा रेल्वेशी संबंध येतो तो तिकिटाच्या खिडकीपुरता. घाट चढून आलेली मालगाडी कोठे थोपवावयाची, मेलगाडीस कोणत्या रुळावरून वाट द्यावयाची, हा कारभार त्याच्या दृष्टीआड चालतो. खिडकी बंद झाली तरी गाड्या धावतात. सिग्नलची व्यवस्था कोलमडली तर हाती तिकीट असूनही उपयोग नाही. संगणकात ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ आणि ‘शेल’ यांच्यात नेमका हाच भेद आहे. छोट्या संगणकांच्या जगात तो ज्याच्या कामामुळे रूढ झाला त्या गॅरी किल्डॉलचे चरित्र म्हणूनच संगणकाच्या अभ्यासकांइतकेच अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही पाहण्यासारखे आहे.

किल्डॉलचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिॲटल येथे झाला. घराण्याची नौकानयन शिकविणारी शाळा होती आणि त्यालाही गणिताचा शिक्षकच व्हावयाचे होते. विद्यापीठात संगणकाने त्याला ओढून घेतले. पुढे माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात तो शिकवू लागला. १९७२ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली. इंटेलची चिमुकली गणनयंत्रे नुकती बाजारात येत होती. त्यांच्यासाठी त्याने पीएल/एम ही भाषा रचली. फ्लॉपीवर फाइली ठेवण्याची सोय हवी म्हणून १९७४ मध्ये सीपी/एम लिहिली. इंटेलने भाषा घेतली, सीपी/एममध्ये मात्र रस दाखविला नाही. तेव्हा किल्डॉल व त्याची पत्नी डोरोथी यांनी स्वतःचीच कंपनी काढली. तीच पुढे डिजिटल रिसर्च या नावाने ओळखली गेली.

सीपी/एमचे तीन भाग होते. बायॉस हा यंत्राशी थेट बोलणारा भाग. यंत्र बदलले की एवढाच नव्याने लिहावयाचा. बीडॉस हा खरा कारभारी : फ्लॉपीवरील जागा कोणत्या फाइलीला द्यावयाची, ती कोठून वाचावयाची, हे तो ठरवी. तिसरा भाग सीसीपी, म्हणजे शेल. पडद्यावर ए हे अक्षर व बाणाची खूण दाखवून तो आज्ञेची वाट पाही. ‘डीआयआर’ म्हटले की फाइलींची यादी देई. अनोळखी शब्द आला तर त्या नावाचा प्रोग्रॅम फ्लॉपीवर शोधून स्मृतीत आणी. पण हा शेल स्वतः कोणत्याही सामान्य प्रोग्रॅमप्रमाणे बीडॉसकडेच सेवा मागत असे. किंबहुना, मोठ्या प्रोग्रॅमला जागा अपुरी पडली तर तो सीसीपीची जागा खुशाल बळकावी. काम संपले की सीसीपीची नवी प्रत फ्लॉपीवरून वाचून घेतली जाई, आणि मधल्या काळात यंत्राचे काही अडत नसे. १९८२ मध्ये काही हौशी मंडळींनी सीसीपीच्या जागी झेडसीपीआर नावाचा आपला शेल बसविला, तरी आतील कारभार तसाच चालू राहिला.

या विभागणीचे आर्थिक मोल मोठे होते. वीस कंपन्यांची यंत्रे आणि वीस प्रोग्रॅम असतील तर एरवी चारशे जुळण्या कराव्या लागल्या असत्या. आता वीस बायॉस आणि वीस प्रोग्रॅम, एवढ्यावर भागू लागले. वर्डस्टारसारखे प्रोग्रॅम अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालू शकले ते यामुळे.

१९८० मध्ये आयबीएमचे लोक दारी आले तेव्हा किल्डॉल विमानातून मौज करीत हिंडत होता, ही दंतकथा फार पसरली आहे. वास्तविक तो स्वतःचे विमान घेऊन एका ग्राहकाकडे कामासाठी गेला होता. गुप्ततेच्या करारावर सही करण्यास डोरोथीने आढेवेढे घेतले. पुढील हकिगतीबद्दल मतभेद आहेत. मायक्रोसॉफ्टने टिम पॅटरसनची, सीपी/एमच्या सेवांचा साचा पुढे ठेवून लिहिलेली प्रणाली विकत घेतली व तीच डॉस म्हणून १९८१ मध्ये आयबीएमच्या यंत्रावर आली. किल्डॉलने तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एम-८६ ही विकावयास ठेवली. पण डॉस ४० डॉलरला आणि ही २४० डॉलरला! मागणीच्या नियमास याहून सोपे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आपल्याकडे आयबीएमने १९७८ मध्ये गाशा गुंडाळला होता. १९८३ मध्ये बँकांतील यंत्रांविषयी कर्मचारी संघटनांशी करार झाला आणि त्या दशकात डॉसची यंत्रे कचेऱ्यांत व महाविद्यालयांत आली. काळ्या पडद्यावरील खूण म्हणजेच डॉस, अशी अनेकांची समजूत झाली. ती खूण दाखविणारा कमांड डॉट कॉम हा निव्वळ शेल होता. आणि त्याच्या ‘डीआयआर’, ‘टाइप’ या आज्ञा सीपी/एमवर आधीपासून होत्या.

विरोधाभास असा की, किल्डॉलच्या कंपनीने १९८५ मध्ये जेम नावाचा चित्रमय दर्शनी भाग काढला, तेव्हा ॲपलने साम्याचा आक्षेप घेताच तिला त्याचे रूप बदलावे लागले. खिडकीची नक्कल करणाऱ्यास अडविता आले. आतील कारभाराचा आराखडा उचलणाऱ्यास मात्र किल्डॉल अडवू शकला नाही. सॉफ्टवेअरच्या मालकीचा कायदा तेव्हा बाल्यावस्थेत होता, हे खरे. पण त्याची किंमत एका कल्पक माणसाने मोजली.

१९८८ मध्ये त्याच्या कंपनीने डीआर डॉस काढून मायक्रोसॉफ्टशी स्पर्धा मांडली. १९९१ मध्ये कंपनी नोव्हेलने घेतली. डोक्यास झालेल्या इजेनंतर ११ जुलै १९९४ रोजी, अवघ्या ५२ व्या वर्षी, किल्डॉल माँटेरे येथे निवर्तला. पॅसिफिक ग्रोव्हमधील त्याच्या जुन्या घर-कचेरीपाशी २०१४ मध्ये विद्युत् अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने स्मृतिफलक बसविला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहास संग्रहालयाने सीपी/एमच्या जुन्या आवृत्त्यांची मूळ संहिता अभ्यासकांस खुली केली.