मळ्यातील पंढरी

सोलापूर जिल्ह्यातील अरण हे संत सावता माळी यांचे गाव. त्यांचा जन्म इ. स. १२५० चा, काळ ज्ञानदेव-नामदेवांचा. पंढरपूर तेथून फार दूर नाही; तरीही विठ्ठलाचे हे निस्सीम भक्त मळा सोडून कधी वारीस गेले नाहीत, असे परंपरा सांगते.

ही उदासीनता नव्हे. मोट थांबली की वाफे सुकू लागतात. देवाच्या दर्शनासाठी देवानेच उगवलेले रोप तहानलेले ठेवावे काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी मळ्यात राबूनच दिले.

काळ्या मातीत टाकलेले बी चार दिवसांत कोंब होऊन वर येते. एकाच विहिरीचे पाणी कांद्यात तिखट आणि उसात गोड होते. नित्य दिसते म्हणून आपणांस त्याचे नवल वाटत नाही. सावतोबांचे नवल मात्र कधी शिळे झाले नाही. भाजीच्या वाफ्यातच त्यांना विठ्ठल भेटला. त्यांच्या उपलब्ध असलेल्या मोजक्या अभंगांचा गाभा हाच होय.

इ. स. १२९५ मध्ये, आषाढ वद्य चतुर्दशीस, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी अरण येथेच देह ठेवला. इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात. अरणला मात्र पंढरीहून पांडुरंगाची पालखी येते.

उद्या सकाळी अंगणातील तुळशीला पाणी घालताना आपणही क्षणभर थांबावे. कालपर्यंत नसलेले एखादे पान तेथे उमललेले असेल.