बंदुकीकडून बियाण्याकडे : डॉ. पांडुरंग खानखोजे

मातीविना शेती, म्हणजेच हायड्रोपोनिक्स, जगाची भूक भागवेल का, हा प्रश्न आज वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना एका मराठी माणसाचे आयुष्य आठवायला हवे. या माणसाने मातीविना शेती कधी केली नाही. पण शेतीतले नवे ज्ञान भुकेल्यापर्यंत कसे पोचवायचे, या कोड्यासाठी त्याने अर्धे आयुष्य परक्या देशात घालवले.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म वर्ध्याचा. त्यांच्या बालपणी, 1896-97 आणि 1899-1900 या वर्षांत, मध्य प्रांताने लागोपाठ दोन भीषण दुष्काळ पाहिले. तरुणपणी ते लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच देश सोडून जपानमार्गे अमेरिकेत पोचले. कॅलिफोर्नियात त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्राचाही अभ्यास केला. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात बियाणे, अशी ही दुहेरी तयारी होती. गदर चळवळीच्या उभारणीत ते आघाडीवर होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ते ब्रिटिशांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन आणि मॉस्को झाले. मायदेशाची दारे मात्र बंदच राहिली.

1924 च्या सुमारास ते मेक्सिकोत आले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. तिथे क्रांती होऊन गेली होती, जमिनींचे वाटप सुरू होते. पण जमीन मिळालेल्या शेतकऱ्याकडे ना चांगले बियाणे होते, ना शास्त्र.

मका हे तिथल्या गरिबाचे रोजचे अन्न. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याच्या भाकऱ्या करतात. या जुन्या पद्धतीमुळे मक्यात अडकलेले नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते आणि पेलाग्रा हा रोग टळतो. म्हणजे स्वयंपाकघराने आपले काम चोख केले होते. कमी पडत होते ते शेतातले पीक. खानखोज्यांनी मक्याचा रानटी भाऊबंद असलेल्या टिओसिंटे या गवताशी मक्याचा संकर करण्याचे प्रयोग केले. टिओसिंटेला कणसे बोटाएवढी, पण एका झाडाला पुष्कळ येतात. हा गुण मक्यात उतरवायचा, ही कल्पना. गहू आणि कडधान्यांवरही त्यांनी काम केले. थंडीला आणि रोगाला तोंड देणारे वाण हवेत, हा त्यामागचा विचार.

पण प्रयोगशाळेतला वाण शेतकऱ्याच्या बांधावर पोचला नाही, तर त्याचा उपयोग काय? म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा सुरू केल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा आणि छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी या कामाला साथ दिली. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराने रंगवलेल्या चित्रात, भरल्या मेजावर भाकरी मोडणाऱ्या माणसाला खानखोज्यांचा चेहरा आहे.

स्वातंत्र्यानंतर मायदेशी येतानाही ब्रिटिशांच्या जुन्या काळ्या यादीने त्यांना अडवले. अखेर ते नागपुरात स्थिरावले. 1966 मध्ये, देशात दुष्काळ असताना, भारताने मेक्सिकोतून 18 हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे मागवले. ते वाण नॉर्मन बोरलॉग यांच्या चमूचे होते. पुढच्याच वर्षी, 22 जानेवारी 1967 रोजी, नागपुरात खानखोज्यांचे निधन झाले. मेक्सिकोच्या मातीत पिकांचे संशोधन केलेला मराठी शास्त्रज्ञ आपल्यात आहे, हे तेव्हा फारच थोड्यांना ठाऊक होते.

आता खारबावकडे पाहू. वसई-दिवा रेल्वेमार्गावरचे हे गाव ज्या भिवंडी तालुक्यात आहे, तिथे भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहत आहेत. माती आकसत असताना मातीविना शेतीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. यात मुळे पाण्यात किंवा नारळाच्या भुश्यात वाढतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये पाण्यात विरघळवून दिली जातात. तेच पाणी फिरवून वापरता येत असल्याने पाण्याची मोठी बचत होते. पालेभाज्या, टोमॅटो, काकडी छान येतात. शहराजवळच्या गावाला ताजी भाजी पिकवण्यासाठी हा मार्ग चांगला आहे.

मात्र पोट भरते ते भात, ज्वारी, गहू आणि डाळींनी. ही पिके मातीविना घेणे आज परवडणारे नाही. शिवाय पंप चालवायला अखंड वीज हवी, द्रावणाचा सामू रोज तपासायला हवा, सुरुवातीचा खर्चही मोठा. त्यामुळे खाचर बुजवून त्याची भरपाई ट्रेमधल्या लेट्यूसने होणार नाही. भातजमीन राखायची आणि जिथे माती उरलीच नाही, तिथे गच्चीवर वा शेडखाली भाजी घ्यायची, अशी वाटणी शहाणपणाची.

आणि हे तंत्र फक्त भांडवलवाल्याच्या हाती राहिले, तर भूक आहे तिथेच राहील. गावातल्या शेतकऱ्याच्या मुलामुलींना ते फुकट शिकायला मिळाले, तरच त्याला अन्नसुरक्षेचा उपाय म्हणता येईल. खानखोज्यांनी मेक्सिकोत आधी शाळा काढल्या, त्या याचसाठी.