डफ वाजवणारा कवी

आमच्या लहानपणी रमजानच्या रात्री सहरीसाठी उठवायला चार-पाच जण डफ वाजवत मोहल्ल्यातून फिरायचे. ज्याच्या दारासमोर उभे राहतील त्याचं नाव गाण्यात गुंफायचे. घरात दिवा लागला की हीच त्यांची दाद, आणि टोळी पुढच्या दारी. आता मोबाईलचा गजर वाजतो. पण डफ म्हटलं की मला दरवर्षी याच महिन्यात शाहीर अमर शेख आठवतात.

त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घर गरिबीचं. आई मुनेरबी यांच्याकडून लोकगीतांचा वारसा मिळाला. ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगतो, कारण मुसलमानाच्या घरात मराठी कुठून आली, असं विचारणारे अजून भेटतात. ती आईकडून आली!

शिक्षण फार झालं नाही. मोटारीवर क्लीनर म्हणून राबले, मग बार्शीच्या गिरणीत कामगार झाले. संपात पुढे राहिल्याबद्दल विसापूरचा तुरुंग पाहिला. पुढे कोल्हापूरला चित्रपटसृष्टीच्या आसऱ्याला गेले, तिथे मित्रांनी नाव दिलं अमर शेख. मेहबूब पटेल बार्शीतच राहिला.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. लिहिणारा आणि सादर करणारा यांचं नातं समजून घ्यायचं तर या तिघांकडे पाहावं. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड कागदावर वाचली तर मुंबईत पोटासाठी आलेल्या नवऱ्याचा विरह कळतो. तीच अमर शेखांच्या पहाडी आवाजात मैदानावर उठली, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाचं दुःख होऊन गेली. एकही शब्द न बदलता. समोर बसलेल्या हजारो माणसांनी अर्ध्याहून अधिक अर्थ स्वतःच भरला. लेखक ही जागा वाचकासाठी सोडतो, पण ती भरली गेली की नाही हे त्याला कधी दिसत नाही. शाहिराला त्याच क्षणी दिसतं.

आपल्या झाडीपट्टीत हे वेगळं सांगायला नको. दिवाळीनंतर मंडईच्या रात्री दंडार पाहिलेल्या माणसाला ठाऊक आहे, की ठरलेला संवाद समोरच्या गर्दीप्रमाणे कसा लांबतो, आखडतो. उर्दूतही दास्तानगो आधी सांगायचा, छापखाना मागाहून आला. मुशायऱ्यात तर कवी स्वतःच उभा राहतो. मराठीत मात्र कवी वेगळा आणि शाहीर वेगळा, अशी वाटणी कुणी तरी करून ठेवली.

त्या वाटणीत अमर शेख सापडले, असं माझं मत आहे. 'अमरगीत' हा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक १९५१ चं. 'कलश' १९५८ मध्ये आला, 'धरतीमाता' १९६३ मध्ये. हे दोन कवितासंग्रह मैदानासाठी नाहीत, एकट्याने वाचायचे आहेत. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणून गौरवलं. तरीही लोकांच्या लक्षात राहिला तो आवाज. एका ग्रंथालयात मी 'कलश' मागितला, तेव्हा कपाटाजवळच्या गृहस्थांनी शाहिरीच्या कॅसेटी पाहिजेत का, असं विचारलं. त्यांचा दोष नव्हता. शाहिराचं पुस्तकही असू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

'महात्मा फुले' आणि 'प्रपंच' या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या, 'युगदीप' आणि 'वख्त की आवाज' ही नियतकालिकं चालवली. दुसऱ्याचं नाव हिंदुस्थानीत आहे, हे मला फार आवडतं. दोन भाषांत जगणाऱ्या माणसाला कुठली भाषा खरी, असं विचारू नये. १९४७ मध्ये कुसुम जयकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. लग्नानंतर त्या ज्योती झाल्या. मुलगी मलिका पुढे कवयित्री झाली. तिने बापाचं नाव आपल्या नावात ठेवलं आणि डफ न घेता कागद घेतला.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत नेत्यांच्या भाषणाआधी गर्दी जमवायची आणि ती धरून ठेवायची, हे काम त्यांच्याकडे असे. गोवा मुक्तीच्या लढ्यासाठीही ते गायले. १ मे १९६० रोजी राज्य झालं. बेळगाव, कारवार बाहेर राहिलं आणि छक्कडीतली मैना अजून गावाकडेच आहे. आपला भंडारा मात्र मध्य प्रदेशातून १९५६ मध्येच मुंबई राज्यात आला होता.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. वय ५२. बार्शीचं गाव तिथून फार लांब नाही.