रॉबर्ट ग्विन मॅकफार्लेन

रॉबर्ट ग्विन मॅकफार्लेन (२६ जून १९०७ – २३ मार्च १९८७) हे ब्रिटिश विकृतिवैज्ञानिक आणि रक्तशास्त्रज्ञ होते. रक्त गोठण्याच्या क्रियेचा (रक्तक्लथन) क्रम उलगडणाऱ्या प्रमुख संशोधकांत त्यांची गणना होते. हिमोफिलियाच्या रुग्णांचे दात काढणे आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणे शक्य व्हावे, यासाठी त्यांनी सुमारे ३० वर्षे काम केले.

शिक्षण आणि आरंभीचे काम

मॅकफार्लेन यांचा जन्म इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील वर्दिंग येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण चेल्टनहॅम येथे आणि वैद्यकीय शिक्षण लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात झाले. हिमोफिलियाचे रुग्ण त्यांनी तेथेच जवळून पाहिले. हा आनुवंशिक विकार बहुधा मुलग्यांत दिसतो आणि मातेकडून येतो. रुग्णाच्या रक्तात गोठण्यास आवश्यक असलेले एक प्रथिन नसते किंवा अपुरे असते.

अशा रुग्णाची किडलेली दाढ काढणे ही त्या काळी जिवावरची गोष्ट होती. दाढ निघाल्यावर प्रथम रक्त थांबल्यासारखे वाटे. मात्र काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी खोबणीतून ते पुन्हा झिरपू लागे आणि दिवसचे दिवस थांबत नसे. जबड्याची जखम हाडात असते, तिला बाहेरून पट्टी बांधता येत नाही. जीभ सारखी लागत राहते आणि लाळेमुळे तयार झालेली गुठळीही टिकत नाही. रक्त जिभेखाली किंवा घशाच्या बाजूला उतरून साकळले, तर श्वासमार्ग बंद होण्याची भीती असते. त्यामुळे दात काढण्यापेक्षा दुखणे सोसावे, असाच सल्ला पुष्कळदा दिला जाई.

घोणशीचे विष

मॅकफार्लेन यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सरीसृप विभागाचे प्रमुख बर्जेस बार्नेट यांच्या सहकार्याने निरनिराळ्या सापांची विषे तपासली. त्यांत घोणशीचे विष हिमोफिलियाचे रक्तही काही सेकंदांत गोठवते, असे आढळले. दहा हजार भाग पाण्यात एक भाग इतके विरल केल्यावरही त्याचा गुण टिकून राहिला. या प्रयोगांचा वृत्तान्त १९३४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या विरल द्रावणात भिजवलेला बोळा दाताच्या खोबणीत दाबून ठेवला की रक्त थांबे. बरोज वेलकम कंपनीने हे औषध 'स्टिप्व्हेन' या नावाने बाजारात आणले.

घोणस हा साप मराठी वाचकांना अपरिचित नाही. विदर्भात त्याला परड असेही म्हणतात आणि गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्याच्या सर्पसूचीत त्याची नोंद आहे. धानाच्या बांधावर हा साप चावला तर याच विषामुळे माणूस रक्तस्रावाने दगावू शकतो. हे वरवर विसंगत वाटते. पण विष शरीरभर पसरले की रक्तातील गोठणारी द्रव्ये वापरली जाऊन संपतात आणि उरलेले रक्त गोठेनासे होते. म्हणूनच ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाच्या रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते का, हे पाहतात. मॅकफार्लेन यांनी विष केवळ जखमेच्या पृष्ठभागावर वापरले, टोचले नाही, याचे कारण उघड आहे. त्यामुळेच या उपायाची मर्यादाही ठरून गेली: डोळ्यांसमोरच्या खोबणीतील रक्त थांबे, आतील शस्त्रक्रियेला त्याचा उपयोग नव्हता.

१९३७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या रक्तातील गुठळ्या आपोआप विरघळतात, हे त्यांनी दाखवून दिले. आज दात काढल्यावर गुठळी विरघळू नये म्हणून ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गुळण्या देतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

ऑक्सफर्ड

१९४० मध्ये मॅकफार्लेन ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत रुजू झाले. महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्यांनी लष्करी वैद्यकीय सेवेत गॅस गँग्रीनचा अभ्यास केला. युद्धानंतर रोझमेरी बिग्स त्यांच्या प्रमुख सहकारी झाल्या. हिमोफिलिया हा एकच रोग नाही, हे या गटाने १९५२ मध्ये सिद्ध केले. एका प्रकारच्या रुग्णाच्या रक्तात दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाचे रक्त मिसळले तर मिश्रण गोठते, कारण दोघांत उणीव वेगवेगळ्या घटकांची असते. नव्या प्रकाराला 'ख्रिसमस रोग' म्हणतात. हे एका बालरुग्णाचे आडनाव होते. शोधनिबंध नाताळच्या आठवड्यात निघाला, हा योगायोग नसावा.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाच्या रक्तात नसलेला घटकच पुरवणे आवश्यक होते. मानवी रक्त पुरेसे मिळेना, म्हणून एथेल बिडवेल यांनी गायीबैलांच्या व पुढे डुकरांच्या रक्तातून तो घटक वेगळा केला. दात काढण्यापासून मोठ्या शस्त्रक्रियांपर्यंत त्याचा उपयोग होऊ लागला. १९५७ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने अशा १३ शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मात्र प्राण्यांचे प्रथिन रुग्णाच्या शरीराला परके असे. आठ-दहा दिवसांत त्याविरुद्ध प्रतिकारद्रव्ये तयार होत आणि औषध निष्प्रभ ठरे. एवढ्या अवधीत जखम भरून येणे भाग होते. तोच उपचार त्या रुग्णाला पुढे पुन्हा देणे धोक्याचे असे. त्यामुळे ते केव्हा वापरायचे आणि केव्हा राखून ठेवायचे, हा निर्णय अवघड ठरे.

१९६४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मॅकफार्लेन यांनी आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. एक घटक दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जागृत करतो आणि प्रत्येक पायरीवर परिणाम वाढत जातो, असे त्याचे स्वरूप आहे. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनीही स्वतंत्रपणे तशीच मांडणी केली. घोणशीच्या विषाचे कोडेही या साखळीने सुटते. ते विष थेट दहाव्या घटकाला जागृत करते, त्यामुळे हिमोफिलियात उणा असलेला आठवा किंवा नववा घटक नसला तरी रक्त गोठते.

उत्तरायुष्य

१९५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९६७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी चरित्रलेखनाकडे लक्ष वळवले. हॉवर्ड फ्लोरी (१९७९) आणि अलेक्झांडर फ्लेमिंग (१९८४) यांची त्यांनी लिहिलेली चरित्रे मान्यता पावली. पेनिसिलीनचे पहिले रुग्ण रॅडक्लिफमध्येच उपचार घेत होते, तेव्हा मॅकफार्लेन तेथे काम करत होते. त्यामुळे फ्लेमिंग यांच्याभोवतीच्या आख्यायिका त्यांनी बारकाईने तपासल्या आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांचा वाटा स्पष्ट केला. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ओपिनन येथे त्यांचे निधन झाले.

दाताच्या खोबणीत घोणशीचे विष वापरणे आता मागे पडले आहे. तथापि रक्तात अकारण गुठळ्या होणाऱ्या रुग्णांच्या तपासणीसाठी प्रयोगशाळांत या विषाचे विरल द्रावण आजही वापरतात.