धर्मानंद कोसंबी यांचा गृहत्याग

त्या काळी साष्टी महालात मोडणाऱ्या सांखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. घरी माडांची बागायत होती. विद्येची सोय मात्र तुटपुंजी. घरात बोलावयाचे कोंकणीत आणि वाचावयाचे मराठीत, हा जो परिपाठ आम्हां गोमंतकीयांच्या अंगवळणी पडलेला आहे, त्यातच हा अशक्त प्रकृतीचा मुलगा वाढला. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. वधू चिखलीच्या लाड घराण्यातील, नाव बाळाबाई. अशा विवाहांत वधूवरांचा विचार घेण्याची तेव्हा रीतच नव्हती. म्हणून धर्मानंदांच्या आयुष्यातील खरा निर्णय लग्नाचा नव्हे. तो पुढे आठ वर्षांनी आला.

मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोध’ मासिकाचा एक अंक १८९७ साली त्यांच्या हाती पडला. त्यात बुद्धाचे चरित्र होते. एवढ्याशा लेखाने या तरुणाचे चित्त असे वेधले, की बुद्धधर्माचे मूळ ज्ञान मिळविल्यावाचून जगणे व्यर्थ, असे त्यांना वाटू लागले. (शालेय मासिकांना कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) १८९९ साली त्यांना पहिली कन्या झाली, माणिक. त्याच वर्षाच्या अखेरीस ते घर सोडून निघाले.

येथून पुढे चरित्रकार झपाट्याने पुण्यास आणि काशीस जातात. आम्हांला मात्र क्षणभर त्या घरातच थांबावेसे वाटते. मूल तान्हे, नवरा केव्हा परतेल, परतेल की नाही, हे सांगणारा कोणी नाही. ज्ञानाची तळमळ कितीही खरी असली, तरी तिची अर्धी किंमत बाळाबाईंनी मोजली, आणि ती मोजण्यास त्या तयार आहेत की नाहीत हे ठरविण्याची मुभा त्यांना नव्हती. धर्मानंदांची थोरवी मान्य करूनही हे लिहिणे आम्हांला भाग वाटते.

पुण्यास डॉ. भांडारकरांची भेट घेऊन ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १९०२ साली नेपाळ व बुद्धगया पाहून ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. तेथे व पुढे ब्रह्मदेशात त्यांनी चीवरही धारण केले.

भिक्षू होऊन तेथेच राहिले असते, तर त्यांना कोणी नाव ठेवले नसते. १९०६ साली मात्र चीवर उतरवून ते परतले आणि सुमारे सात वर्षांनी गोव्यात पत्नीस व कन्येस भेटले. जाण्यापेक्षा हे परत येणेच आम्हांला अधिक कठीण वाटते. ज्या उंबरठ्यावरून निघून गेलो, त्यावर पुन्हा उभे राहून समोरच्या माणसाच्या डोळ्यांस डोळा द्यावयाचा, यास निराळेच धैर्य लागते. बाळाबाईंनी काय बोलून त्यांना घरात घेतले असेल, त्याची आम्ही कल्पना करू धजत नाही. १९०७ साली पुत्र दामोदर जन्मला. हेच पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगास ठाऊक झाले.

तेव्हा धर्मानंद कलकत्त्यास पाली शिकवीत होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहून ग्रंथरचना करावी. कलकत्त्याची अधिक पगाराची जागा सोडून १९०८ साली त्यांनी हे पन्नास रुपये पत्करले. आपल्या भाषेतील लोकांस बुद्धाची ओळख व्हावी, ही इच्छा त्यामागे होती.

पुढे हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनासाठी ते अनेक वेळा गेले. १९१८ च्या सफरीत माणिक व दामोदर ही मुले बरोबर होती. बाळाबाई धाकट्या मुलींसह मागे राहिल्या. ज्या कन्येला तान्ही असता बाप सोडून गेला, ती आता त्याच्याच बरोबर परदेशी जाऊन पदवीधर झाली. फर्ग्युसन महाविद्यालयात व गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले आणि १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात कारावासही भोगला. देह थकला, तेव्हा सेवाग्राम येथे अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी तो ठेवला.

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात एक स्थळ असे आहे, की ते वाचताना आम्हांला सांखवाळचे घर आठवते. रोगी, वृद्ध व प्रेत पाहून सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप पळाला, ही लोकप्रिय कथा धर्मानंदांनी नाकारली. शाक्य व कोलिय यांच्यातील कलहात शस्त्र उचलणे त्यास नको होते, म्हणून तो निघाला. आणि प्राचीन पाली सुत्ताचा आधार देऊन ते दाखवितात, की आईबाप रडत असता, त्यांच्या डोळ्यांदेखत तो निघाला.