टाळ्यांचा धनी : डॉ. काशिनाथ घाणेकर

नाटकाच्या जाहिरातीत सर्व कलावंतांची नावे छापून झाली की शेवटी 'आणि' हा शब्द येई व त्यापुढे एकच नाव असे, डॉ. काशिनाथ घाणेकर. मराठी गद्य रंगभूमीवर त्या नावाइतके वलय फार थोड्यांच्या वाट्याला आले. २ मार्च १९८६ रोजी नाटकाच्या दौऱ्यावर असताना अमरावती येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ज्या रंगभूमीसाठी त्यांनी हातचा व्यवसाय दुय्यम मानला, तिच्याच वाटेवर त्यांचा शेवट व्हावा, हा विलक्षण योगायोग होता.

घाणेकर मूळचे चिपळूणचे. मुंबईत दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले. प्रतिष्ठेचा आणि खात्रीच्या उत्पन्नाचा व्यवसाय हाती होता. पण ओढ नाटकाची होती. १९६२ साली वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' धी गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणले. त्यातील संभाजीच्या भूमिकेने घाणेकर एकाएकी प्रकाशझोतात आले. पित्याच्या प्रेमाला आसुसलेला, दुखावलेला आणि तरीही तेजस्वी असा युवराज त्यांनी उभा केला. पुढे १९६८ मध्ये 'इथे ओशाळला मृत्यू'मध्येही त्यांनी संभाजीच रंगविला. त्यात औरंगजेबाच्या भूमिकेत प्रभाकर पणशीकर होते.

त्यांना खऱ्या अर्थाने तरुणांचा नायक केले ते 'अश्रूंची झाली फुले'मधील लाल्याने. उनाड, बेदरकार आणि पुढे प्रा. विद्यानंदांच्या संस्कारांनी बदलणारा हा विद्यार्थी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. घारे डोळे, देखणा चेहरा आणि संवादफेकीतला आवेग यांच्या बळावर त्यांचा प्रवेशच टाळ्या-शिट्ट्यांनी गाजू लागला. एरवी चित्रपटगृहात दिसणारा जल्लोष नाट्यगृहात अवतरला. 'पाठलाग', 'मधुचंद्र', 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटांनीही त्यांची लोकप्रियता वाढविली.

पण याच टाळ्यांची नशा त्यांना महागात पडली. मद्याचे व्यसन जडले, स्वभावातला लहरीपणा वाढला आणि प्रयोगांची शिस्त ढळू लागली. निर्मात्यांशी संबंध ताणले गेले. दरम्यान काळही बदलत होता. १९७० साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागू या दुसऱ्या डॉक्टर-नटाच्या संयत, विचारी अभिनयाने प्रेक्षकांना वेगळी दृष्टी दिली. टाळीसाठी थांबणारा अभिनय हळूहळू जुना वाटू लागला. प्रेक्षक पुढे सरकले. घाणेकरांना मात्र त्या गजराविना जगणे जमले नाही.

ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचनादीदींची कन्या कांचन या त्यांच्या द्वितीय पत्नी. त्यांनी 'नाथ हा माझा' या पुस्तकात पतीच्या गुणदोषांसह हा प्रवास मांडला. २०१८ साली आलेल्या चरित्रपटात सुबोध भावे यांनी घाणेकर साकारले आणि त्यांना कधीही न पाहिलेल्या पिढीला 'लाल्या' ठाऊक झाला. ठाण्यातील एक नाट्यगृह आज त्यांचे नाव मिरविते.

घाणेकरांच्या आयुष्याकडे केवळ एका व्यसनी कलावंताची शोकांतिका म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. गद्य नाटकाचा नटही गर्दी खेचू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्या गर्दीचे प्रेम पेलताना मात्र त्यांच्यातला माणूस एकाकी पडला.